ओ स्केलच्या प्रवासी गाड्या: 15, 18 की 21 इंची डबे?

अमेरिकी प्रवासी रेल्वेगाडीचे ओ स्केल, म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेले मॉडेल घेताना बहुतेक जण आधी आवडती गाडी ठरवतात आणि ती खोलीत कशी बसवायची याचा विचार मागाहून करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आपल्या जागेत किती मोठे वळण बसते ते आधी मोजावे आणि त्या वळणावर जी खरी गाडी लांबीत काटछाट न करता धावू शकेल तीच निवडावी. पुढील तुलना याच भूमिकेतून केली आहे.

अमेरिकेत ओ स्केलचे प्रमाण 1:48 आहे, म्हणजे मूळच्या एका फुटाला मॉडेलमध्ये पाव इंच. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बांधलेले बहुतेक चकचकीत, हलके डबे 85 फूट लांब होते, त्यामुळे त्यांचे मॉडेल 21.25 इंच भरायला हवे. बाजारात मात्र साधारण 15, 18 आणि 21 इंच अशा तीन लांबी आढळतात. 18 इंची डबा प्रमाणानुसार 72 फुटांचा आणि 15 इंची डबा अवघ्या 60 फुटांचा होतो.

या तफावतीचा खरा परिणाम लांबीपेक्षा खिडक्यांवर होतो. युद्धोत्तर काळातील ‘10-6’ शयन डबा घ्या. त्यात दहा रूमेट म्हणजे एका माणसाच्या खोल्या, आणि सहा डबल बेडरूम असत. रूमेट मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच असत, तर बेडरूम एकाच बाजूला असून दुसऱ्या बाजूने अरुंद वाट जात असे. साहजिकच डब्याच्या दोन बाजूंच्या खिडक्यांची मांडणी सारखी नसे. 18 इंची डब्यात तेरा फूट कमी असल्याने एवढ्या खोल्यांच्या खिडक्या मूळ अंतराने बसतच नाहीत. मग काही खिडक्या गाळल्या जातात, आणि स्वस्त संचांत तर दोन्ही बाजूंना एकच मांडणी छापून टाकलेली असते. ज्याला त्या डब्याचा आराखडा ठाऊक आहे त्याला हे दोन फुटांवरूनही खटकते. लांबी थोडी कमी असलेली एक वेळ नजरेआड करता येते, पण खिडक्या चुकल्या की तो डबा मूळ डब्याचा राहत नाही.

पूर्ण लांबीच्या डब्यांची अडचण वळणावर येते. त्यांच्यासाठी उत्पादक बहुधा ओ-72, म्हणजे 72 इंच व्यासाचे वळण किमान म्हणून सांगतात, आणि दोन्ही कडांना सुरक्षित जागा सोडली तर टेबल सहा फुटांहून बरेच रुंद लागते. शिवाय वळणावर गाडी धावणे वेगळे आणि शोभणे वेगळे. 85 फुटी डब्याच्या दोन बोग्यांच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या, केंद्रांत साधारण 59.5 फूट अंतर असते. ओ-72 वळणावर अशा डब्याचा मध्य रुळांच्या मध्यरेषेपासून सुमारे पाऊण इंच आत सरकतो, म्हणजे प्रमाणात तीन फूट. शेजारी दुसरा मार्ग असेल तर दोन मार्गांमधील अंतर यानुसारच ठेवावे लागते. एवढी जागा असेल तर मात्र मी बिनदिक्कत 21 इंची डबेच सुचवीन.

जागा नसेल तर 18 इंची डबे घ्यावेत असे सहसा सांगितले जाते. मला तो सल्ला पटत नाही, कारण जे मुळातच आखूड होते असे खरे डबे अमेरिकेत भरपूर धावत होते. सदर्न पॅसिफिक रेल्वेचे कमानदार छपराचे, हॅरिमन पद्धतीचे 60 फुटी डबे ओ स्केलमध्ये नेमके 15 इंच भरतात. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे एमपी-54 हे विजेवर चालणारे लोकलचे डबे 1915 पासून फिलाडेल्फिया ते पाओली मार्गावर धावले. ते सुमारे 64 फूट लांब होते, म्हणजे मॉडेल 16 इंचांचे. त्यांच्या तोंडाकडच्या दोन गोल खिडक्यांमुळे ते लांबूनही ओळखू येतात. याउलट खेळण्यातल्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या लायोनेल कंपनीच्या ‘मॅडिसन’ धर्तीचे 15 इंची डबे सहा चाकी बोग्यांच्या, सुमारे 80 फुटी जड पुलमन शयन डब्यांचे रूप घेतात, म्हणजे वीस फूट कापलेलेच असतात. लांबी तीच, पण एका बाबतीत ती खरी आहे आणि दुसऱ्या बाबतीत तडजोड. बालपणीच्या आठवणीसाठी मॅडिसन घेणाऱ्याची निवड मी चूक म्हणणार नाही; अचूकतेच्या निकषावर मात्र हॅरिमन किंवा एमपी-54 सरस ठरतात.

साहित्याचाही विचार करायला हवा. साच्यातून दाबून काढलेल्या ॲल्युमिनियमचा छेद डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखाच राहतो. बड कंपनीच्या स्टेनलेस स्टीलच्या नालीदार डब्यांची धातूची झाक त्यात छान उतरते, पण टोकांकडचे बारकावे वेगळे जोडावे लागतात. प्लॅस्टिकमध्ये प्रत्येक डब्याचा साचा वेगळा करता येतो, म्हणून रिव्हेट, जिने आणि तळाची यंत्रसामग्री अधिक नेटकी येते. मुलामा चढवलेले प्लॅस्टिक मात्र अनेकदा आरशासारखे चमकते, आणि खरे स्टेनलेस स्टील तसे कधीच दिसत नव्हते. पितळी मॉडेल या दोन्हींहून सरस असली तरी किमतीमुळे अनेकांच्या आवाक्याबाहेर जातात.

संपूर्ण गाडीची रचना तपासायला बरेच जण विसरतात. 1949 ते 1970 या काळात शिकागो आणि ओकलंड यांच्यामध्ये धावलेल्या कॅलिफोर्निया झेफरला पाच व्हिस्टा-डोम, म्हणजे छतावर काचेचा घुमट असलेले, डबे असत: तीन बसण्याचे, एक उपाहार व विश्रामाचा आणि एक शेवटचा निरीक्षण डबा. अ‍ॅटलस ओ या मॉडेल उत्पादकाने या गाडीचे पूर्ण लांबीचे डबे काढले, आणि पाच डोम एका मागोमाग बघायचे असतील तर लांबीत तडजोड करूच नये. हेन्री ड्रेफसने 1938 मध्ये घडवलेली करड्या रंगांची ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड पूर्णतः शयनयान गाडी होती आणि 1958 पर्यंत तशीच राहिली. ती चालवणाऱ्या न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेकडे डोम डबे नव्हतेच. म्हणून त्या रंगातला डोम डबा कितीही सुबक असला तरी तो काल्पनिकच समजावा.

रुळांच्या बाबतीत सगळेच थोडे चुकलेले आहेत. ओ गेजचे, म्हणजे या मॉडेलांच्या दोन रुळांमधले, 32 मिमी अंतर 1:48 प्रमाणात पाच फूट होते, तर खरा मार्ग 4 फूट 8.5 इंचांचा असतो. प्रोटो:48 या अधिक काटेकोर पद्धतीत हे अंतर 29.9 मिमीवर आणले जाते, पण त्यासाठी चाके आणि रूळ दोन्ही बदलावे लागतात. आपली 1676 मिमीची ब्रॉडगेज 1:48 मध्ये करायची तर जवळपास 35 मिमी अंतर लागेल. 32 मिमीवरच बसवायची तर प्रमाण साधारण 1:52 होते.

जुना संच विकत घेताना विक्रेत्याकडून प्रत्येक डब्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मागवावीत आणि ती त्या डब्याच्या आराखड्याशी ताडून पाहावीत. के-लाइन या उत्पादकाचे 18 व 21 इंची ॲल्युमिनियम डबे जुन्या बाजारात शेजारी शेजारी विकले जातात, आणि एकट्या डब्याच्या छायाचित्रात लांबीतला फरक सहज लक्षात येत नाही. तेव्हा शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्रही मागावे.