स्टार मोजावेत की युनिट? नाशिकमधील घरासाठी वीज आणि पाणी लेबलांचा तुलनात्मक आढावा

विजेच्या घरगुती उपकरणावर चिकटवलेल्या लेबलात सर्वप्रथम नजरेत भरतात ते स्टार, आणि बहुतेक खरेदी त्यांच्याच भरवशावर होते. त्याच लेबलावर स्टारच्या खाली वर्षाला किती युनिट वीज लागेल याचा आकडा छापलेला असतो. निर्णयासाठी तोच अधिक उपयोगी आहे, मात्र तो ज्या गृहीतकावर काढलेला असतो ते आपल्या घराला लागू पडते का, हे तपासून घ्यावे लागते. उन्हाळ्यात दुपारी भाजून निघणाऱ्या पण रात्री बऱ्यापैकी निवणाऱ्या, हिवाळ्यात गिझरशिवाय चालत नाही अशा, आणि नळाला ठरावीक वेळेलाच पाणी येणाऱ्या नाशिकसारख्या शहरात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

ही लेबले ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे बीईई, ही केंद्र सरकारची संस्था ठरवते. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. ब्यूरोची स्थापना 2002 ची. स्टार लेबलची योजना 2006 पासूनची. एक ते पाच स्टार हे त्या उपकरणाच्या त्याच प्रकारातील इतर उपकरणांच्या तुलनेत दिलेले असतात. त्यामुळे 190 लिटरचा तीन स्टार फ्रिज 350 लिटरच्या पाच स्टार फ्रिजपेक्षा कमी वीज घेऊ शकतो, कारण स्टार ठरवताना आकारमान आणि प्रकार हिशेबात धरलेले असतात. दोन वेगळ्या आकारांच्या फ्रिजची तुलना करायची असेल तर स्टार बाजूला ठेवून वार्षिक युनिटच पाहावेत.

एका युनिटची किंमत किती धरायची, हे आधी ठरवावे. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांवर टप्पे बदलतात आणि प्रत्येक वरच्या टप्प्याचा दर अधिक असतो. आपण वाचवलेले युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात. म्हणून बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागून आलेला सरासरी दर वापरला तर बचत खऱ्यापेक्षा कमी दिसते. आपले बिल ज्या टप्प्यात संपते, त्या टप्प्याचा दर त्यावरील इतर आकारांसह धरावा. पुढील उदाहरणांत सोयीसाठी एरवी 10 रुपये आणि एसीच्या महिन्यांत 12 रुपये युनिट धरले आहेत. उपकरणांचे आकडेही समजा म्हणून घेतलेले आहेत. दुकानात समोर असलेल्या लेबलावरचे आकडे त्यांच्या जागी घालावेत.

एसी: तीन स्टार की पाच स्टार

एसीच्या लेबलावर आयएसईईआर हे गुणोत्तर असते. वर्षभराच्या वापरात जितकी उष्णता एसी खोलीबाहेर काढतो, तिला त्यासाठी लागलेल्या विजेने भागून ते मिळते. आकडा जितका मोठा, तितका एसी चांगला. त्याशेजारचे वार्षिक युनिट मात्र वर्षाला 1600 तास वापर आणि बाहेरचे तापमान 24 ते 43 अंशांच्या दरम्यान, असे धरून काढलेले असतात. हे 1600 तास आपल्या घरात होतात का, या प्रश्नावर सगळा निर्णय अवलंबून आहे.

समजा दीड टनाच्या तीन स्टार एसीवर 980 युनिट आणि पाच स्टार एसीवर 760 युनिट लिहिलेले आहेत. फरक 220 युनिटांचा, म्हणजे 12 रुपयांनी 2,640 रुपयांचा दिसतो आणि दुकानदारही हाच आकडा सांगतो. परंतु नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने येथील अनेक घरांत एसी मार्चच्या मध्यापासून जूनमधील पावसापर्यंतच, तोही रात्री झोपताना चार तास चालतो. नव्वद दिवसांचे चार-चार तास म्हणजे 360 तास. त्या प्रमाणात फरक उरतो जवळजवळ 50 युनिटांचा, म्हणजे वर्षाला 600 रुपयांचा. दोन एसींच्या किमतीत 9,000 रुपयांचे अंतर असेल, तर ते भरून निघायला 15 वर्षे लागतील. अशा घराने तीन स्टारचा इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा एसी, घेणे शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट घरातूनच दिवसभर काम करणारी व्यक्ती असेल, वरच्या मजल्यावर पश्चिमेकडची तापणारी खोली असेल किंवा घरालाच लागून दवाखाना अथवा शिकवणीचा वर्ग असेल, तर 1600 तास सहज होतात आणि तिथे पाच स्टारचे जास्तीचे पैसे तीन-चार वर्षांत वसूल होतात.

फ्रिज आणि पंखा: येथे स्टारवर खर्च करावा

फ्रिज वर्षभर अहोरात्र चालू असतो. त्यामुळे त्याच्या लेबलावरचा आकडा आपल्याला जवळजवळ पूर्ण लागू पडतो. समान आकाराच्या दोन फ्रिजांत 60 युनिटांचा फरक असेल, तर दहा वर्षांत तो 6,000 रुपयांचा होतो. फ्रॉस्ट-फ्री आणि साध्या, म्हणजे हाताने बर्फ काढावा लागणाऱ्या फ्रिजचे स्टार वेगवेगळ्या कोष्टकांनी ठरतात. साधा फ्रिज सहसा कमी वीज घेतो आणि दोन माणसांच्या घराला तो पुरतो.

पंख्यावर लेबल 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचे झाले. पंखा एका वॉटमागे मिनिटाला किती घनमीटर हवा देतो, यावर त्याचे स्टार ठरतात. जुना साधा पंखा सुमारे 75 वॉट घेतो, तर पाच स्टारचा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा पंखा 30 वॉटच्या आसपास. दिवसाला दहा तास आणि वर्षातील आठ महिने धरले तरी एका पंख्यामागे सुमारे 108 युनिट वाचतात. वरच्या उदाहरणात 360 तास चालणाऱ्या पाच स्टार एसीने वाचवलेल्या 50 युनिटांच्या दुपटीहून हे अधिक आहेत, आणि त्यासाठी मोजायची जास्तीची रक्कमही बरीच कमी असते. वळवाच्या पावसात वीज गेल्यावर घरातील इन्व्हर्टरची बॅटरी अशा पंख्यांवर जास्त वेळ टिकते, हा आणखी एक लाभ.

गिझर: स्टारचा अर्थ येथे वेगळा आहे

साठवणीच्या गिझरवरचे स्टार पाणी तापवायला लागणाऱ्या विजेबद्दल काहीच सांगत नाहीत. टाकीत तापलेले पाणी तसेच ठेवले तर 24 तासांत किती उष्णता बाहेर निसटते आणि ती भरून काढायला किती वीज लागते, एवढेच त्यातून कळते. 15 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला सुमारे 0.44 युनिट लागतेच, मग गिझर एक स्टारचा असो वा पाच स्टारचा. आंघोळीआधी वीस मिनिटे बटण लावून नंतर लगेच बंद करणाऱ्या घराला स्टारचा फायदा नगण्य आहे. डिसेंबर-जानेवारीत घरातील पाच-सहा जणांच्या आंघोळी एकामागून एक दोन-तीन तास चालतात आणि गिझर तसाच चालू राहतो, अशा घराला मात्र तो आहे. बोअरचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत कॉइलवर क्षाराचा पांढरा, खरखरीत थर बसतो. त्यामुळे पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते. अशा ठिकाणी स्टारइतकाच विचार कॉइल सहज काढून साफ करता येते का, याचाही करावा.

वॉशिंग मशीन: वीज आणि पाणी एकाच लेबलावर

वॉशिंग मशीनच्या बीईई लेबलावर एका किलो कपड्यांमागे प्रत्येक धुण्याला लागणारी वीज आणि लागणारे पाणी, असे दोन आकडे असतात. पाण्याचा आकडा फार कमी लोक वाचतात.

समजा सात किलोच्या टॉप लोड (वरून कपडे घालायच्या) मशीनवर किलोमागे 18 लिटर आणि फ्रंट लोडवर (समोरून दार असलेल्या) 9 लिटर लिहिले आहे. एका पूर्ण धुण्याला अनुक्रमे 126 आणि 63 लिटर पाणी लागेल. महिन्याला वीस धुणी धरली तर वर्षाला सुमारे 15,000 लिटरचा फरक पडतो, म्हणजे दहा हजार लिटरचे दीड टँकर. महापालिकेच्या पाणीपट्टीत ही बचत फारशी जाणवणार नाही. परंतु नाशिकला पाणी पुरवणाऱ्या गंगापूर धरणातील साठा खालावल्यावर पाणीकपात लागू होते किंवा सोसायटीला टँकर मागवावे लागतात, तेव्हा तिचे मोल कळते.

विजेच्या आकड्यात मात्र फसगत होऊ शकते. फ्रंट लोडचा आकडा टॉप लोडच्या कितीतरी पट मोठा दिसतो, कारण त्यात पाणी तापवण्याची वीज धरलेली असते. थंड पाण्यावर धुतल्यास हे अंतर बरेचसे मिटते. म्हणून फ्रंट लोडची तुलना फ्रंट लोडशीच करावी. शिवाय हे आकडे पूर्ण क्षमतेने भरलेल्या मशीनचे असतात. चार माणसांच्या घराने नऊ किलोचे मशीन घेऊन ते अर्धे भरून चालवले, तर किलोमागचे पाणी वाढते.

दोन टाक्यांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनला मी या तुलनेत कमी लेखणार नाही. कपडे खंगाळलेले शेवटचे पाणी पुढच्या घाण्याला साबण घालून पुन्हा वापरता येते. नळाला दाब नसला तरी बादलीने पाणी ओतता येते. एवढी पाणीबचत कोणत्याही लेबलावर नोंदवलेली नसते. हाताशी माणूस आणि वेळ असेल आणि पाण्याची ओढ असेल, तर हेच मशीन योग्य. दोघेही नोकरीला जात असतील आणि गच्चीवरच्या टाकीतून पुरेसा दाब मिळत असेल, तर फ्रंट लोड. शेवटच्या मजल्यावर टाकी अगदी डोक्यावर असल्याने दाब कमी पडतो. तेथे मशीनला लागणारा किमान दाब आधी विचारून घ्यावा.

नळ, फ्लश आणि आरओ

ऑस्ट्रेलियात 2005 च्या कायद्यानुसार नळ, शॉवर आणि फ्लशच्या टाक्यांवरही पाण्याचे स्टार लेबल सक्तीचे आहे. आपल्याकडे तशी सक्ती नसल्याने मोजमाप स्वतःच करावे लागते. मोजल्यावर असे दिसते की पाण्याची मोठी बचत लेबल असलेल्या यंत्रापेक्षा या वस्तूंत दडलेली आहे. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन दरडोई दररोज 135 लिटर धरून होते. चार जणांच्या घरात प्रत्येकी पाच वेळा फ्लश धरला, तर दहा लिटरच्या जुन्या टाकीला रोज 200 लिटर लागतात. सहा आणि तीन लिटरच्या दोन बटणांच्या टाकीला, प्रत्येकाने एकदाच मोठे बटण दाबले तर, 72 लिटर. रोजची ही 128 लिटरची बचत फ्रंट लोड मशीनच्या दोन धुण्यांच्या बचतीएवढी आहे. म्हणून ज्यांना एकाच गोष्टीवर खर्च करणे शक्य आहे आणि पाण्याची चिंता अधिक आहे, त्यांनी आधी फ्लशची टाकी बदलावी आणि मशीन नंतर घ्यावे. नळाच्या तोंडाला पाण्यात हवा मिसळणारी जाळी बसवणे तर अगदी अल्प खर्चाचे काम आहे.

आरओ शुद्धक घेण्याआधी नळाच्या पाण्यातील टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजून घ्यावा, कारण एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे घरगुती आरओ सहसा दोन ते तीन लिटर पाणी बाहेर सोडतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओचा वापर रोखण्याचे निर्देश दिले होते. धरणाचे पाणी या मर्यादेच्या खाली निघाले, तर अतिनील किरणांनी जंतू मारणारा यूव्ही शुद्धक पुरतो आणि त्यात पाणी वाया जात नाही. बोअरचे खारट पाणी प्यावे लागत असेल तर आरओला पर्याय नाही. मग बाहेर पडणारे पाणी फरशी पुसण्यासाठी आणि संडासासाठी वेगळ्या बादलीत धरण्याची सोय बसवतानाच करून घ्यावी.

कोणतेही उपकरण घेताना लेबलावर छापलेला कालावधी अवश्य वाचावा. बीईई निकष वेळोवेळी कडक करते. 2022 च्या जुलैमध्ये एसीचे निकष बदलले, तेव्हा आयएसईईआर 4.5 ते 4.99 असलेले पाच स्टारचे स्प्लिट एसी एका दिवसात चार स्टारचे झाले. सवलतीत मिळणारा मागच्या कालावधीचा माल वाईट नसतो. मात्र त्याच्या पाच स्टारची तुलना नव्या पाच स्टारशी न करता आयएसईईआर आणि युनिट यांच्या आकड्यांशी करावी. लेबलाच्या खरेपणाविषयी शंका आल्यास बीईईच्या स्टार लेबल ॲपमध्ये मॉडेल क्रमांक घालून ते आकडे दुकानातच पडताळता येतात.