कूबर पेडी की ॲलिस स्प्रिंग्ज?
ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून गाडीने डार्विनला निघालेल्या बँडमधल्या मैत्रिणीने विचारलं, मधले दोन दिवस कुठे काढू?

झोपेसाठी कूबर पेडीला तोड नाही. उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, पण ओपल रत्नांच्या खाणींच्या या गावात टेकडी कोरून केलेल्या खोल्या २३-२५ अंशांवरच राहतात. थकलेल्या कानांना ती शांतता औषधच! ॲलिसला एसी लागतो, घसा कोरडा पडतो.

अंतर? ॲडलेडहून अनुक्रमे सुमारे ८५० आणि १५०० किलोमीटर.

हवा दोन्हीकडे कोरडी. गिटारच्या केसमध्ये ओलसर स्पंज हवाच, नाहीतर लाकूड तडकतं.

फिरायला ॲलिस सरस: ॲन्झॅक हिलवरचा सूर्यास्त, टॉड नदीचं कोरडं पात्र, ॲरालुएन कला केंद्रातली चित्रं.

गळा बसलेल्या गायिकेने कूबर पेडीत उतरावं. विमान गाठायचं असेल किंवा गिटारच्या तारा, दुरुस्ती, दुकानं हवी असतील, तर ॲलिस.