क्लॅनाड: पाच महिने, ९४ तास आणि एकेक करून गोळा केलेले दिवे

आधीच सांगते, पुढे शेवटापर्यंतचे सगळे स्पॉयलर आहेत. ज्यांना कोरं राहायचंय त्यांनी इथूनच परत फिरा, नंतर शिव्या घालू नका.

क्लॅनाड ह्या जपानी गेमवरचा ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका, मी कॉलेजात असताना पाहिला होता, होस्टेलमध्ये, मैत्रिणीच्या हार्डडिस्कवरून. रडले वगैरे सगळं झालं, पण शेवटच्या दोन एपिसोडवर जाम चिडले होते. बायको गेली, पाच वर्षांची पोरगी गेली, आणि मग एकदम सगळं मागे फिरवून ‘नाही नाही, सगळे जिवंत आहेत’? म्हणजे आमचं रडणं काय फुकटचं होतं का! तेव्हापासून कुणी विचारलं की मी म्हणायचे, सुंदर आहे पण शेवटी फसवलं. मग यंदा स्टीम ह्या गेम विकणाऱ्या साइटवर सेलमध्ये मूळ गेम दिसला, घेतला, आणि तब्बल पाच महिने बहुतेक रात्री जेवण झाल्यावर तासभर असा वाचला. हो, वाचला. खेळण्यासारखं त्यात फारसं काही नाहीच. आता माझं मत बरंच बदललंय, म्हणून हे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे चित्रं, संगीत आणि ढीगभर मजकूर, मध्येमध्ये ‘काय करशील’ असे पर्याय, त्यावर गोष्ट कुठल्या फाट्याने जाणार ते ठरतं. क्लॅनाड ‘की’ नावाच्या जपानी स्टुडिओने २८ एप्रिल २००४ला काढला. लेखकांमध्ये मुख्य माएदा जुन, चित्रं हिनोउए इतारू. ह्यांच्या आधीच्या कॅनन (१९९९) आणि एअर (२०००) ह्या गेम्समध्ये प्रौढांसाठीचे सीन होते, क्लॅनाड मात्र पहिल्यापासून सगळ्या वयांसाठीच होता, त्यामुळे घरात कुणी मागून डोकावलं तर लॅपटॉप आपटून बंद करायची वेळ येत नाही. २००४च्या पहिल्या आवृत्तीत आवाज नव्हते, ते २००६च्या प्लेस्टेशन २ वाल्या आवृत्तीत आले. अधिकृत इंग्रजी आवृत्ती यायला नोव्हेंबर २०१५ उजाडला, आणि तीही लोकांनी वर्गणी काढून आणली. किकस्टार्टरवर मागितले होते १ लाख ४० हजार डॉलर, जमले ५ लाखांच्या वर. मराठीत वगैरे नाहीये अर्थातच, इंग्रजी वाचायची तयारी लागते, पण भाषा सोपी आहे. शिवाय ह्या आवृत्तीत ‘डांगोपीडिया’ म्हणून एक कोश दिलाय, जपानी शाळेतल्या, खाण्यापिण्यातल्या अनोळखी गोष्टी आल्या की त्यात नोंद उघडते. मला तो फार आवडला, अर्धा वेळ मी तोच वाचत बसायचे.

गोष्ट अशी: ओकाझाकी तोमोया, बारावीचं वर्ष, शाळेत उशिरा येणारा, बापाशी पटत नाही. एका सकाळी शाळेच्या चढावर, चेरीच्या झाडांखाली, एक मुलगी थबकून उभी दिसते. फुरुकावा नागिसा. आजारपणात तिचं वर्ष गेलंय, मैत्रिणी पुढे निघून गेल्यात, चढ चढायची हिंमत होत नाहीये, म्हणून ती स्वतःशीच पुटपुटते, ‘आनपान’. म्हणजे गोड बीनचं सारण भरलेला पाव. धीर गोळा करायला ही मुलगी खायच्या पदार्थाचं नाव घेते! मला तिथेच आवडली ती. आपण नाही का मीटिंगच्या आधी मनात म्हणत, हे संपलं की वडापाव.

पहिला भाग शाळेचा. इथे वेगवेगळ्या मुलींचे रूट, म्हणजे एकेकीच्या गोष्टीचे फाटे, आहेत आणि खरं सांगायचं तर इथे गेम लांबतो. सुरुवातीचे पंधरा-वीस तास म्हणजे सुनोहाराची टिंगल. हा तोमोयाचा मित्र, बोर्डिंगमध्ये राहतो, शेजारच्या रग्बीवाल्यांकडून रोज मार खातो. विनोद चांगले आहेत, पण त्याच दिवसातून चौथ्यांदा जाताना वाचलेला मजकूर स्किप करायचं बटण दाबून धरलं तरी कंटाळा येतो. आणि तोमोया, तोमोयो ही दोन नावं! एक हिरो, एक सगळ्यांना लाथा घालणारी मुलगी. पहिल्या आठवड्यात मी तीन वेळा गोंधळले. चित्रांबद्दलही बोलूनच टाकते, हिनोउएबाईंचे चेहरे आज पाहिले तर डोळे अर्ध्या चेहऱ्याएवढे वाटतात. सवय व्हायला आठवडा लागतो, मग होते.

क्योचा रूट मी एकदा अर्ध्यात सोडला होता. तिची जुळी बहीण र्यो लाजरी आहे, क्यो स्वतःच्या मनातलं दाबून बहिणीचं तोमोयाशी जुळवून देते, आणि तुम्हाला पर्याय निवडत निवडत एकीला दुखवावंच लागतं. ॲनिमेमध्ये हे दोघींच्या रडण्याच्या एका सीनमध्ये आवरलंय. गेममध्ये ते बटण तुम्ही स्वतः दाबलेलं असतं, त्यामुळे पचत नाही. त्या रात्री मी चुकून नव्या सेव्हने (सेव्ह म्हणजे कुठवर आलो त्याची खूण) जुना सेव्ह पण उडवला, म्हणजे परत सगळं पहिल्यापासून. चूक माझीच. मोबाईलवर बोलत बोलत खेळत होते.

कोतोमीचा रूट मात्र जसाच्या तसा मनात बसलाय. तिचे आईवडील दोघे शास्त्रज्ञ, विमान अपघातात गेले, लहानपणी. वर्षानुवर्षांनी एक सुटकेस तिच्यापर्यंत येते. कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांनी ती एकमेकांच्या हाती देत देत आणून पोचवलीय. तिला वाटत असतं आत वडिलांच्या संशोधनाचे कागद असतील. आत असतो टेडी, तिने वाढदिवसाला मागितलेला. विमान पडताना आईबापांनी आयुष्यभराच्या संशोधनाऐवजी तो टेडी वाचवला. मी हे ॲनिमेत पाहिलेलं होतं, काय येणार ते माहीत होतं, तरी रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठायचं निमित्त करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आता मुद्द्यावर येते. एकेक गोष्ट संपली की प्रकाशाचा एक छोटा गोळा मिळतो. मी त्यांना दिवेच म्हणते. शाळेच्या भागातले ८ दिवे जमल्याशिवाय ‘आफ्टर स्टोरी’ हा दुसरा भाग उघडतच नाही. आणि गंमत म्हणजे सगळे दिवे प्रेमातून मिळत नाहीत. निवृत्तीला टेकलेले म्हातारे कोमुरा सर आहेत, त्यांच्या गोष्टीत एक दिवा आहे. सुनोहारा आणि त्याची लहान बहीण मेई, त्या भावंडांच्या गोष्टीत एक. वसतिगृह सांभाळणाऱ्या मिसाएबाईंच्या जुन्या दुःखात एक. कप्पेई नावाचा एक मुलगा आहे, त्याचा आख्खा रूट ॲनिमेत घेतलेलाच नाही, तिथे एक. म्हणजे हायस्कूल रोमान्स म्हणून पाटी लावलीय खरी, पण गेम तुम्हाला सांगतोय की बाबा रे, आधी गावातल्या लोकांचं ऐक, त्यांच्या कामाला ये, मग तुझ्या संसाराचं बघू.

आणि मग संसार सुरू होतो. शाळा संपते, तोमोया योशिनो नावाच्या माणसाच्या हाताखाली इलेक्ट्रिकचं काम करायला लागतो, रस्त्यावरचे दिवे बसवायचं. पहिल्या दिवशी घरी येतो तेव्हा हात उचलत नाहीत. लग्न, भाड्याची खोली, पगार, थकवा. चांगल्या नोकरीची संधी येते आणि बापाला अटक झाल्यामुळे हातची जाते. प्रेमकथेत हिरो पगारी कामाला लागलेला इतक्या बारकाईने मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

बापाबद्दल एक गोष्ट, जी आवाज असल्यामुळेच कळली. बाप नाओयुकी आपल्याच मुलाला ‘तोमोया-कुन’ म्हणतो. जपानीत स्वतःच्या पोराला बाप नुसत्या नावाने हाक मारतो, ‘कुन’ लावलं की शेजाऱ्याच्या मुलाशी बोलल्यासारखं होतं. भांडणात मुलाचा खांदा कायमचा निकामी झाला, बास्केटबॉल सुटला, त्यानंतर बापाने असं परक्यासारखं बोलायला सुरुवात केली. आपल्याकडे वडील एके दिवशी अचानक ‘काय, तुम्ही जेवलात का?’ म्हणायला लागले तर कसं पोटात गोळा येईल, तसं. पण पुढे बघा, नागिसा आधी ‘ओकाझाकी-सान’ म्हणत असते आणि जवळ आल्यावर ती काय म्हणायला लागते? ‘तोमोया-कुन’! तोच शब्द. बापाच्या तोंडून आला की तोमोयाला घराबाहेर पळावंसं वाटतं, आणि तिच्या तोंडून आला की त्याला घर मिळतं. इंग्रजी सबटायटल वाचताना हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, हेडफोन लावून पाच महिने ऐकल्यावर आलं.

नागिसा बर्फाच्या दिवशी घरीच बाळंत होते आणि जाते. मुलगी उशिओ. तोमोया तिच्याकडे पाच वर्षं बघत नाही, आजी-आजोबा म्हणजे सानाए आणि अकिओ तिला वाढवतात. हे दोघे बेकरीवाले, सानाएच्या पावाला गिऱ्हाईकं तोंड वाकडं करतात, ती रडत पळते आणि नवरा तोच पाव तोंडात कोंबून ‘मला फार आवडतो’ ओरडत मागे धावतो. विनोदी जोडी म्हणून सुरुवातीला हसतो आपण, पण अख्ख्या गोष्टीत खरी मोठी माणसं हीच दोघं. सानाए मुद्दाम बापलेकीला प्रवासाला एकटं पाठवते. फुलांच्या शेतात उशिओ बापाने घेऊन दिलेला खेळण्यातला रोबो हरवते, दुसरा घेऊ म्हटलं तर नको म्हणते, कारण तो बाबांनी तिला दिलेला पहिलाच. तिथेच तोमोयाला त्याची आजी भेटते आणि कळतं की त्याच्या बापानेही बायको गेल्यावर ह्याच पोराचा हात धरून दिवस काढले होते.

इथे मी ॲनिमेला पैकीच्या पैकी देते. क्योतो ॲनिमेशनने दिग्दर्शक इशिहारा तात्सुया यांच्या हाताखाली पहिला सीझन ऑक्टोबर २००७ ते मार्च २००८ आणि आफ्टर स्टोरी ऑक्टोबर २००८ ते मार्च २००९ असा केला. आफ्टर स्टोरीचा १८वा एपिसोड, परतीच्या ट्रेनमध्ये तो पोरीला तिच्या आईबद्दल सांगायला लागतो आणि बोलता बोलता आवाज फुटतो, त्यापुढे गेममधली तीच जागा जरा फिकी वाटते. तोमोयाचा आवाज नाकामुरा युइची यांचा आहे. चित्रांतही हिनोउएंचे डोळे ठेवून चेहरे मऊ केलेत, ते बरं केलं.

पण शेवट. उशिओही आजारी पडून बर्फात बापाच्या हातात जाते आणि मग ते दिवे एकत्र येऊन काळ मागे फिरतो. ॲनिमेत दिवे अधूनमधून उडताना दिसतात, पण ते तुम्ही मिळवलेले नसतात, त्यामुळे ते आकाशातून पडलेल्या लॉटरीसारखं वाटतं. माझा राग तोच होता. गेममध्ये माझ्याकडे त्या प्रत्येक दिव्याचा हिशोब होता, कोमुरा सरांचा कुठला, मेईचा कुठला, उडालेल्या सेव्हमुळे दोनदा मिळवलेला कुठला. त्यातला एक तर बापाचा आहे, तोमोया त्याला गावी जाताना निरोप देतो तेव्हाचा. तो मिळाला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. मग शेवटी नागिसा वाचली तेव्हा फसवल्यासारखं वाटलं नाही, इतक्या लोकांच्या कामाला आलो, त्याचं परत आलं असं वाटलं. तरी एक तक्रार आहेच, हे दिवे नक्की कसं काम करतात ते ‘मायावी जगा’च्या तुकड्यांमधून, एक मुलगी आणि भंगारातून बनवलेला बाहुला, इतकं आडून सांगितलंय की पहिल्या वाचनात निम्मं डोक्यावरून जातं.

सिनेमाही पाहिला मग. सप्टेंबर २००७, तोएई स्टुडिओचा, दिग्दर्शक देझाकी ओसामु. दीड तासात हे सगळं कोंबलंय, कोतोमी-बितोमी जवळपास नाहीतच, आणि मध्येच चित्र गोठून जलरंगासारखं होतं ती त्यांची शैली, मला काही ठिकाणी हसू आलं. फॅन लोक ह्याला नावं ठेवतात. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर केली, दिव्यांचा हिशोब घातला नाही तर चमत्कारही घातला नाही. नागिसा गेली ती गेली, तोमोया पोरीकडे परत येतो आणि सिनेमा संपतो. तीन आवृत्त्यांत हा एकच शेवट मला न खेळता पटला.

घ्यायचं असेल तर सेलची वाट बघा, आणि पहिल्यांदा गाइड न बघता एक रूट तरी स्वतः चुकत चुकत करा, मग गाइड लावा, कारण ८ दिवे गाइडशिवाय जमवणं म्हणजे नुसता छळ आहे. सेव्ह वेगवेगळ्या खान्यांत ठेवा. फूकोच्या रूटमध्ये ती लाकडाचे तारामासे कोरून सगळ्यांना वाटत सुटते तेव्हा वैताग येईल, तरी सोडू नका. आणि ‘डांगो’चं (जपानी तांदळाच्या गोळ्यांचं) गाणं रात्री झोपताना ऐकू नका, सकाळी ऑफिसात गुणगुणत बसाल, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या ताईंना ते आता पाठ झालंय.

तोमोयोची पुढची गोष्ट सांगणारा ‘तोमोयो आफ्टर’ पण घेऊन ठेवलाय. दोन महिने झाले, अजून उघडला नाहीये.