उड्या मारणाऱ्या पिल्लाला शिकवायचं कुणी? आपण, क्लास, घरी येणारा ट्रेनर की ट्रेनिंग सेंटर

कुत्र्याचं पिल्लू दिवसभर पायात घुटमळतंय, पँट ओढतंय, सिट म्हटलं की अजूनच उड्या मारतंय आणि आता घरात चर्चा चाललीये की याला आपणच शिकवायचं, ग्रुप क्लास लावायचा, ट्रेनर घरी बोलवायचा की सरळ महिनाभर ट्रेनिंग सेंटरला ठेवून यायचं. शिकवतात सगळीकडे तेच, सिट, स्टे, कम आणि लीश न ओढता चालणं. पण पिल्लाबरोबर घरातली माणसं पण शिकतात की नाही हा खरा फरक आहे आणि माझ्या मते त्यावरूनच ठरवावं.

आधी ठेवून यायचं बघू, कारण वैतागलेल्या माणसाला तेच सगळ्यात सोपं वाटतं. कुत्र्याला एका जागी जमलेलं दुसऱ्या जागी आपोआप जमत नाही, किचनमध्ये सिट करणारं पिल्लू गेटपाशी ते पार विसरतं, मग सेंटरमधल्या ट्रेनरचं ऐकणारं पिल्लू घरी आल्यावर तुमचं ऐकेलच असं नाही आणि उडी मारली की घरातले पूर्वीसारखेच हसून कुरवाळत असतील तर थोड्याच दिवसांत सगळं पहिल्यासारखं. शिवाय साधारण 3 ते 14 आठवडे हे वय नवीन माणसं, आवाज, जागा यांची भीती न बसता ओळख व्हायचं, ते घरापासून लांब घालवणं मला अजिबात पटत नाही. मोठा कुत्रा असेल आणि सेंटरवाले नंतर तुम्हालाही बसवून शिकवणार असतील तर एक वेळ विचार करा.

स्वतः शिकवणं वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त टायमिंग सांभाळावं लागतं. ट्रीट चिमटीत धरून नाकाला जवळजवळ टेकवायची आणि हळूच डोक्यावरून मागे न्यायची, नाक वर गेलं की मागचा भाग आपोआप खाली टेकतो, टेकला त्याच क्षणी "यस" म्हणायचं आणि लगेच ट्रीट द्यायची. ट्रीट उंच धरली तर पिल्लू उडी मारणार, तिथेच बरेच जण म्हणतात की हे ऐकतच नाही. हात फिरवला की बसतंय एवढं जमल्यावर मग शब्द जोडा, आधीपासून सिट सिट सिट करत राहिलात तर तो शब्द त्याच्यासाठी नुसता आवाज होतो. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरे, दिवसातून चार-पाच वेळा, आणि ट्रीट वाटाण्याएवढी किंवा रोजच्या जेवणातलेच दाणे. क्लिकर, म्हणजे दाबलं की टक असा आवाज करणारं छोटं बटण, घेतलात तरी चालेल, नाही घेतलात तरी काही अडत नाही.

अजून एक, लहान पिल्लं दिवसातले 18 तास सुद्धा झोपतात आणि झोप झाली नाही की जास्तच पिसाळल्यासारखी करतात, संध्याकाळी चावत सुटलेल्या पिल्लाला बऱ्याचदा कमांड नाही, शांत कोपरा हवा असतो. घरच्या घरी शिकवण्यात कमी एकच पडते, बाकी कुत्रे आणि अनोळखी माणसं समोर असताना ऐकायची सवय होत नाही.

ती सवय ग्रुप क्लासमध्ये होते. सगळ्या लसी होईपर्यंत थांबायची गरज नाही, अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेविअर या पशुवैद्यांच्या संस्थेने 2008 मध्येच सांगितलंय की 7-8 आठवड्यांपासून क्लास सुरू करता येतो, फक्त लसीचा किमान पहिला डोस क्लासच्या 7 दिवस आधी आणि पहिलं डिवर्मिंग (जंतांचं औषध) झालेलं हवं. तरी आपल्या व्हेटला विचारूनच जा. पण फारच एक्सायटेड पिल्लू भरलेल्या क्लासमध्ये नुसतं भुंकत बसतं, म्हणून आधी एकटेच जाऊन बघून या, पिल्लं कमी आहेत का, मध्ये अंतर ठेवतात का, दमलेल्याला आडोशाला बसवतात का.

घरी येणारा ट्रेनर कधी? पिल्लू खाण्यावरून गुरगुरत असेल, घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील आणि ते अंगावर झेपावत असेल तेव्हा. तो आला की लीश मात्र तुमच्या हातात हवी, तोच सगळं करून दाखवत असेल तर उपयोग नाही.

मला निवडायचं असेल तर रोज घरी आपण आणि जोडीला आठवड्यातून एकदा क्लास.

काहीही निवडा, पैसे भरायच्या आधी एवढं विचारा, "पिल्लू चुकलं तर तुम्ही काय करता?" उत्तरात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), शॉक कॉलर, झटका, उलटं पाडून दाबून धरणं असं काही आलं तर तिथून निघा. 2020 मध्ये पोर्तुगालमधल्या 92 कुत्र्यांचा अभ्यास प्लॉस वन या विज्ञान नियतकालिकात आला होता, त्यात दमदाटी आणि झटक्यांनी शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ट्रीट देऊन शिकवलेल्यांपेक्षा ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन पण जास्त वाढलेलं होतं. "चूक होईल अशी वेळच येऊ देत नाही, आधी सोपं करतो आणि जमलं की बक्षीस देतो" असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे नाव नोंदवा.