टोकन विकावं की सही केलेली प्रिंट?

मोर्शीकडच्या पोरानं टॅबवर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल रंगवला. आता एनएफटी, म्हणजे चित्राच्या नावानं ऑनलाइन नोंदलेलं एकमेव टोकन, करावं की प्रिंट विकावी, हा पेच. फाईलची नक्कल फुकट होते, म्हणून दोन्हीकडे पैसा मिळतो तो टंचाईचा आणि नावाचा.

टोकनमध्ये बहुधा चित्र नसतंच, चित्र जिथं ठेवलंय तिथला दुवा असतो. सर्व्हर बंद पडला की बैल गेला, दावं हातात! वर नफ्यावर 30 टक्के कर.

प्रिंटला कागद, शाई, कुरिअरचा खर्च. ए3 ला 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) 3508 × 4961 पिक्सेल हवेत. छोटी फाईल ताणली की शिंगांच्या कडा फुटतात. लवकर पिवळा न पडणारा आम्लमुक्त कागद, लवकर न उडणारी पिगमेंट शाई, खाली पेन्सिलनं 3/25 (पंचवीसपैकी तिसरी) आणि सही. सव्विसावी काढली की भरवसा संपला.

क्रिप्टो (डिजिटल चलन) बाळगणारं गिऱ्हाईक आधीच हाताशी असेल तर टोकन. अमरावती-नागपूरचं असेल तर प्रिंटच.