कॅनन आर७ आणि १००-४००: रंकाळ्यावर दोन हिवाळे वापरल्यानंतर

रंकाळ्यावर कॅमेरा घेऊन उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला, सेन्सर (आतली चित्र टिपणारी चिप) केवढा? फुल फ्रेम, म्हणजे मोठा सेन्सर, नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा पडतोच. म्हणून माझ्या आर७ कॅमेऱ्याबद्दल आणि त्यावरच्या १००-४०० मिमीच्या झूम लेन्सबद्दल सगळं नीट लिहितोय, कारण आपल्या कोल्हापुरात बरीच पोरं आता पक्ष्यांच्या नादाला लागलीत आणि पैसे भलत्याच ठिकाणी घालवतायत.

आर७ चा सेन्सर एपीएस-सी या लहान मापाचा, साधारण २२ बाय १५ मिमी, ३२.५ मेगापिक्सेल. फुल फ्रेम ३६ बाय २४. आता रंकाळ्यावरचा छोटा खंड्या घ्या, चोचीपासून शेपटीपर्यंत १६ सेंटीमीटर, चिमणीएवढाच. तो २० मीटरवर बसलाय आणि लेन्स ४०० मिमीवर, तर सेन्सरवर त्याचं चित्र पडतं ३.२ मिमीचं, मग सेन्सर कुठलाही असू दे! आर७ वर त्या ३.२ मिमीत हजारएक पिक्सेल बसतात, २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर साडेपाचशेच्या आत. बाकीच्या मोठ्या सेन्सरवर नुसतं पाणी आणि केंदाळ, ते आपण क्रॉप करून (कापून) टाकणारच, आणि आर७ एवढी फ्रेम कापली की २४ मेगापिक्सेलचे उरतात जेमतेम ९.

बरं, नॉइजचं, म्हणजे कमी उजेडात फोटोत येणाऱ्या दाण्यांचं, काय? लेन्स तीच, अंतर तेच, तर पक्ष्याकडनं येणारा उजेडही तेवढाच. तो ठरतो लेन्सच्या तोंडावर, म्हणजे फोकल लेंथ भागिले एफ नंबर. ४०० ला एफ ८ म्हणजे ५० मिमी. माझा आधीचा मोठ्या झूमचा एकदम छोट्या सेन्सरवाला कॅमेरा होता ना, त्याचं तोंडही ५०-५५ चंच होतं, आणि खरं सांगतो, उन्हात बसलेल्या बगळ्याचे फोटो त्यानं छान दिलेत. पण त्यात रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) नव्हतं, नॉइज काढता काढता पिसं पुसून एकसारखी व्हायची, आणि फोकस लागेपर्यंत पक्षी पार कळंबा तलावावर पोचलेला असायचा. आर७ मध्ये डोळा पकडतो तो सोडतच नाही. गेल्या जानेवारीत शालिनी पॅलेसच्या बाजूनं समोर ऊन असताना काढलेला एक खंड्या आहे, मोठा करून बघितला तर चोचीच्या टोकाला लटकलेला पाण्याचा थेंब दिसतो आणि छातीच्या तांबूस पिसांचा एकेक धागा सुटा दिसतो, मी रात्री किती वेळ तेच बघत बसलो होतो.

वजन दोन्ही मिळून सव्वा किलो, ट्रायपॉड लागत नाही, तास-दीड तास हातात आरामात राहतो. उडत्या पक्ष्याला मेकॅनिकल शटरच ठेवा, सेकंदाला १५ फ्रेम भरपूर झाले, इलेक्ट्रॉनिकला ३० मिळतात पण त्याचं रीडआउट (सेन्सरवरचं चित्र ओळीओळीनं वाचणं) हळू आहे, पंख वाकडे येतात.

कमी पडतो तो दाजीपूरला. तिथं दाट झाडीत सकाळी धनेश आला की १/५०० सेकंदाच्या शटरला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० वर जातो आणि रॉ घेऊन घरी नॉइज काढावाच लागतो. याला बॉडी बदलून उपयोग नाही, १००-५०० घ्यायची, तिचं तोंड ७० मिमी, म्हणजे जवळजवळ दुप्पट उजेड. फुल फ्रेम खरा पुढं जातो तो पक्षी जवळ येऊन फ्रेम भरली तर, किंवा त्याच एफ नंबरची त्या प्रमाणात जास्त लांब लेन्स लावली तर, तेव्हा सव्वा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). लपणात बसून काढणाऱ्यांनी जरूर घ्यावा. आपण काठावर उभं राहून काढणारी माणसं, आपल्याला आर७ आणि उरलेले पैसे लेन्सला.

रविवारी उजाडताना मी रंकाळ्यावर असतोच, हातात घेऊन बघायचा असेल तर आपलं कार्ड घेऊन या, त्यात फोटो काढून घरी नेऊन निवांत बघा.