स्ट्राँग एल घरीच प्यावी: आवडलेल्या आणि न पटलेल्या काही बाटल्या

स्ट्राँग म्हटलं की बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, लवकर चढते का. तेवढंच हवं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, कारण मी बोलतोय ते आठ-दहा टक्के अल्कोहोलच्या एलबद्दल, म्हणजे जरा उबदार तापमानात आंबवलेल्या बिअरबद्दल, आणि त्या लवकर संपवायला बनवलेल्याच नसतात. आणि माझं ठाम मत आहे की या बिअर बारपेक्षा घरीच जास्त रंगतात. बारमध्ये बाटली गारठलेली येते, ग्लास पण फ्रीजमधून काढलेला, वर गोंगाट, आणि निम्मा ग्लास होत नाही तोवर कोणीतरी विचारायला येतं की अजून एक आणू का. इथे तर खरी मजा अर्ध्या तासानंतर सुरू होते, ग्लासातला गारवा उतरला की.

रोशफोर १० घ्या. बेल्जियममधल्या ट्रॅपिस्ट या ख्रिश्चन पंथाच्या मठाची बिअर, ११.३ टक्के, माझी सगळ्यात आवडती, त्यामुळे इथे जरा पाल्हाळ लागणार. ३३० मिलीची छोटी तपकिरी बाटली असते आणि तळाला यीस्टचा गाळ बसलेला असतो, म्हणून ती आडवी ठेवायची नाही आणि उघडायच्या आधी हलवायची तर अजिबात नाही. फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं ओट्यावर उभी ठेवा. मग ग्लास तिरका धरून एका दमात, न थांबता ओता. मध्ये थांबलात की बाटलीतली बिअर मागे हिंदकळते आणि गाळ वर येतो. तळाशी बोटभर राहिली की थांबायचं. तो उरलेला गाळ काही जण वेगळा पितात, वाईट काही नाही त्यात, पण मला ती पिठूळ चव नको वाटते. रंग गडद तपकिरी, उजेडासमोर धरला की कडेला लालसर झाक, वर बदामी रंगाचा फेस.

पहिल्या घोटात, गार असताना, खरं सांगायचं तर फक्त गोड आणि अल्कोहोल एवढंच कळतं आणि माणूस म्हणतो एवढं काय आहे हिच्यात. जरा थांबा. मनुका यायला लागतात, मग सुकं अंजीर, मग कोकोसारखं काहीतरी कडवट, आणि शेवटच्या दोन घोटांत घशात हलकी ऊब. एकच ग्लास पण सुरुवातीची बिअर आणि शेवटची बिअर वेगळी वाटते. आता हिशोब पण बघा, या एका बाटलीत साधारण ३७ मिली शुद्ध अल्कोहोल आहे, पाच टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत साडेसोळा. म्हणजे ही एक प्यायलात तर साध्या दोनहून जास्त झाल्या. दुसरी उघडायची नाही. गाडीची चावी घेऊन कुठे जायचंच नाहीये हा घरी पिण्याचा अजून एक फायदा.

ट्रॅपिस्टवरून आठवलं, षटकोनी लोगो बघून घ्या बाटलीवर. तो असला म्हणजे बिअर मठाच्या आवारात किंवा अगदी लगत बनते, देखरेख मठातल्या संन्याशांची आणि नफा मठाच्या खर्चाला आणि समाजकार्याला जातो. नुसतं ॲबी (म्हणजे मठ) लिहिलेलं असेल तर ते बऱ्याचदा मठाचं नाव वापरून एखाद्या कंपनीने केलेलं असतं. त्यातल्या काही चांगल्या असतात, पण लेबलवर मठाचं चित्र दिसलं म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका.

शिमे ब्लू ९ टक्के, मुळात ख्रिसमससाठी म्हणून आलेली. रोशफोरपेक्षा अंगाने हलकी, कमी गोड, किंचित मिरीसारखी. गडद बिअर पहिल्यांदाच पिणार असाल तर आधी ही घ्या. मोठी ७५० मिलीची बाटली तिघांनी वाटून घ्यायला मस्त, एकट्याने उघडू नये, उरलेली दुसऱ्या दिवशी गॅस उडून मिळमिळीत होते.

फिकट रंगाच्या घेणार असाल तर सगळे पहिल्यांदा डुव्हेल सांगतात आणि चुकीचं नाही सांगत. ८.५ टक्के, पण रंग बघून कोणाला खरं वाटणार नाही. साखर घालून आंबवतात, त्यामुळे ती साखर सगळी यीस्ट खाऊन टाकतं, अल्कोहोल वाढतं आणि अंग हलकं राहतं, कोरडी, फसफसती, लिंबू-नासपतीच्या अंगाने जाणारी. धोका तिथेच आहे, पाण्यासारखी उतरते. फेस इतका येतो की छोट्या ग्लासात मावतच नाही, म्हणून त्यांचा तो मोठा ट्युलिप ग्लास, ज्याच्या तळाला डी कोरलेला असतो, तो नुसता दिखावा नाहीये, त्या कोरलेल्या खरखरीत जागेतून बुडबुडे सतत वर येत राहतात आणि फेस टिकतो. माझं मत विचाराल तर मात्र वेस्टमाल ट्रिपेल एक पाऊल पुढे. ९.५ टक्के, ट्रिपेल (म्हणजे फिकट रंगाची स्ट्राँग एल) म्हणून त्यांनी १९३४ मध्ये काढली आणि १९५६ मध्ये रेसिपीत बदल करून आजच्या रूपाला आणली. मधासारखा वास, थोडं केळं, आणि शेवटी इतका स्वच्छ कडवटपणा की पुढचा घोट घ्यावासा वाटतोच. डुव्हेल छान आहे, वेस्टमाल लक्षात राहते.

ऑर्वाल खरं तर ६.२ टक्केच, स्ट्राँगच्या गप्पांत बसत नाही, पण घरी ठेवून प्यायची म्हटल्यावर तिला वगळता येत नाही. बाटलीत भरताना ब्रेटानोमायसिस नावाचं जंगली यीस्ट घालतात आणि ते आत बसून महिनोन्‌महिने काम करत राहतं. लेबलवर भरल्याची तारीख असते ती बघा. ताजी असेल तर हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, ताजा वास, सहा-आठ महिन्यांनी तीच बिअर कोरडीठाक, चामड्यासारखी, तबेल्याच्या वासाची. हो, तबेला, आणि हे कौतुकानेच म्हणतोय. अर्ध्या लोकांना अजिबात आवडत नाही. एक ताजी, एक जुनी अशा दोन बाटल्या चौघांत शेजारी शेजारी उघडून बघा, गप्पांना विषय मिळतो.

बिअर आवडत नाही म्हणणाऱ्यांना मी ॲव्हेंटिनस देतो. जर्मनीतली श्नायडरची, १९०७ पासूनची, गव्हाची, ८.२ टक्के. केळं, लवंग, थोडं चॉकलेट. हिचा गाळ मात्र टाकायचा नाही, शेवटी बाटली गोल फिरवून ओतायचा, ती तशीच प्यायची असते.

बार्लीवाइनबद्दल थोडक्यात, नावात वाइन असली तरी ही खूप स्ट्राँग एलच. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा कंपनीची बिगफूट, ९.६ टक्के, १९८३ पासून येते, ताजी असताना हॉप्स इतके कडू की जीभ आखडते, दोन-तीन वर्षं ठेवली की कॅरमलकडे झुकते. मला ठेवलेलीच आवडते. फुलर्स व्हिंटेज एल ८.५ टक्के, १९९७ पासून दरवर्षी एक काढतात, ती त्या मानाने सौम्य, संत्र्याच्या मुरांब्यासारखी.

इंपीरियल स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या, स्ट्राँग बिअर, मला आवडतात, पण हल्ली व्हॅनिला, नारळ, बिस्किट, मार्शमेलो घालून जे करतात ते नाही पटत. पहिला घोट वा, तिसऱ्याला कंटाळा. मग बिअर कशाला, आइस्क्रीमच खा ना.

ठेवण्याबद्दल एकच मोठी गोष्ट, उजेड. हॉप्समधल्या कडू घटकांवर प्रकाश पडला की एक गंधकाचं संयुग तयार होतं आणि बिअरला कुबट घाण वास येतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पांढरी फारशी नाही. एका दुकानाने खिडकीत सजवून ठेवलेली बाटली मला दिली होती, महागाची होती, उघडल्या उघडल्या सिंकमध्ये गेली. तेव्हापासून शेल्फवरची पुढची बाटली घेत नाही, मागची मागतो. आणि प्रत्येक बिअर ठेवली की सुधारते असं नसतं हो, आयपीए (भरपूर हॉप्स घातलेली एल) तर आणल्या आणल्या प्या, तिचा वास हॉप्सचा असतो आणि तोच आधी उडतो. टिकतात त्या सहसा गडद, जड, नऊ टक्क्यांच्या आसपासच्या किंवा पुढच्या.

ग्लास वाइनचा चालेल, फक्त साबणाचा किंवा तेलकट अंश राहायला नको, फेस लगेच बसतो. ग्लासच्या भिंतीला बुडबुडे चिकटलेले दिसले तर समजा नीट धुतलेला नाही.

तर घ्यायचा क्रम, मला विचाराल तर: ॲव्हेंटिनस, वेस्टमाल, शिमे, मग रोशफोर १०. ऑर्वाल मध्ये कधीही. आणि कोणी सामिक्लाउस आणलीच तर, ती एल नाही, लागर (थंडीत आंबवलेली बिअर) आहे, १४ टक्के, वर्षातून एकदाच ६ डिसेंबरला बनवतात आणि महिनोन्‌महिने मुरवतात. भयंकर गोड आहे. चौघांत एक बाटली पुरते, आणि चौथ्याने नाही म्हटलं तरी मी आग्रह करणार नाही.